डोक्याचा नंबर

सुताला नंबर असतो. चाळीसचं सूत, साठचं सूत. नंबर जितका मोठा तितकं सूत बारीक. मी त्रासनखात्यात काम करतो, तिथं नंबर काढल्याशिवाय कामच पुढं सरकत नाही. तेव्हा मापाशी माझं भांडण नाही. पण माणसाच्या डोक्याला नंबर लावायची भाषा सुरू झाली की मी दोन गोष्टी विचारतो. मापणारा कोण? आणि माप घेऊन तो पुढं काय करणार? दोस्तहो, ह्या दोन प्रश्नांना शंभरावर वर्षांचा इतिहास आहे. पाळी सुटल्यावर वाचनालयात बसून तो जेवढा कळला तेवढा मांडतो.

सुरुवात वाईट नव्हती. फ्रान्समध्ये शिक्षण सक्तीचं झालं, सगळ्या थरांतली पोरं वर्गात आली. काही मागं पडू लागली. त्यांना वेगळी मदत द्यायची तर ओळखायचं कसं, म्हणून सरकारनं १९०४ साली समिती नेमली. आल्फ्रेड बिने आणि तेओडोर सिमॉन ह्यांनी १९०५ मध्ये ३० छोट्या परीक्षा तयार केल्या. मास्तराच्या मर्जीवर पोराचं नशीब ठरू नये, हा त्यातला मोठा गुण. बुद्धी जन्मतःच कायमची ठरून गेलेली असते असं म्हणणाऱ्यांना बिनेनं १९०९ च्या पुस्तकात चांगलंच झोडपलं. शिकवलं तर ती वाढते, हे त्याचं म्हणणं. १९११ त तो वारला. पुढच्याच वर्षी विल्यम स्टर्न ह्या जर्मन माणसानं बुद्धीचं वय भागिले खरं वय असा हिशेब मांडला. झालं, नंबर जन्माला आला.

पट्टी अमेरिकेत पोचली आणि तिचा दंडुका झाला. महायुद्धात, १९१७ पासून, रॉबर्ट यर्क्सच्या देखरेखीखाली सुमारे १७ लाख सैनिकांची परीक्षा झाली. वाचता येणाऱ्यांना 'अल्फा', न येणाऱ्यांना चित्रांची 'बीटा'. अल्फात विचारलं होतं, क्रिस्को म्हंजे काय? औषध, जंतुनाशक, दंतमंजन, की खायची वस्तू? क्रिस्को हे तिथलं डब्यातलं वनस्पती तूप. बीटात टेनिसच्या मैदानाचं चित्र, त्यात जाळी नाही. ती काढून दाखवायची. ज्यानं जन्मात टेनिस बघितलं नाही, त्या शेतमजुरानं काय काढावं? तो नापास. आणि निष्कर्ष काय, तर ह्यांचं रक्तच हलकं! कार्ल ब्रिगम ह्यानं १९२३ साली असलं पुस्तक लिहिलं. दक्षिण आणि पूर्व युरोपातल्या गरिबांना दार लावणारा कायदा १९२४ त झाला, तो ह्याच हवेत. १९३० साली ब्रिगमनं स्वतःच आपले निष्कर्ष मागं घेतले. पण दार बंदच राहिलं.

त्याला उत्तर आधीच मिळालं होतं. होरेस मान बाँड हा काळा तरुण, १९२४ साली विशीही पुरी नव्हती. त्यानं लष्कराचेच आकडे उलगडून दाखवले. उत्तरेकडच्या काही राज्यांतले काळे सैनिक दक्षिणेकडच्या काही राज्यांतल्या गोऱ्यांच्या वर होते. मग रक्त कुठं गेलं? फरक शाळेचा होता.

१९२७ साली तर कोर्टानंच मोहोर उठवली. व्हर्जिनियातली कॅरी बक, गरीब घरातली, विशीतली पोर. परीक्षेवर तिला आणि तिच्या आईला मंदबुद्धी ठरवलं, तिची तान्ही मुलगीही त्यातलीच म्हणून टाकली, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या परवानगीनं कॅरीची नसबंदी केली. ती मुलगी, व्हिव्हियन, पुढं शाळेत गेली. १९३१ साली तिचं नाव हुशार मुलांच्या यादीत लागलं. आठव्या वर्षी ती आजारानं गेली.

मग पट्टी मोडून फेकायची काय? नाही. १९७९ साली हर्बर्ट नीडलमन ह्या डॉक्टरनं बॉस्टनजवळच्या मुलांचे पडलेले दुधाचे दात तपासले. दातात शिसं जास्त, त्याचे बुद्धिपरीक्षेतले गुण कमी. रंगातलं, पेट्रोलमधलं शिसं पोरांचं डोकं खातंय, हे सांगायला हीच परीक्षा साक्षीला उभी राहिली. आपल्याकडं शिशाचं पेट्रोल २००० साली बंद झालं.

आमच्या खात्यात हवा कोरडी पडली की तार तुटायला लागतात. तेव्हा कुणी कापसाची जात काढत बसत नाही, हवेतला ओलावा बघतात. उत्तर प्रदेशातल्या गावांत कार्ला हॉफ आणि प्रियंका पांडे ह्यांनी शाळकरी पोरांना कागदावरची चक्रव्यूहाची कोडी सोडवायला दिली. जात उच्चारली नाही तेव्हा दलित पोरं सवर्णांच्या बरोबरीनं सोडवत होती. सगळ्यांसमोर नाव आणि जात पुकारली, तर त्यांची कोडी सुमारे पाचव्या हिश्श्यानं घटली. डोकं तेच, कोडी त्याच तऱ्हेची. हवा बदलली होती. हा प्रयोग २००६ साली छापून आला, पण आपल्यातल्या कुणाला तो नवा वाटेल? हजेरीच्या वेळी आडनाव वाचताना मास्तराचा आवाज बदलतो, तो आपण सगळ्यांनी ऐकलाय.

बिनेची ती परीक्षा व्ही. व्ही. कामत ह्यांनी मराठी आणि कन्नड मुलांसाठी बेतली, ती आपल्या देशात आजही वापरतात. वस्तीतलं एखादं पोर खरंच मागं पडत असेल, तर बौद्धिक दिव्यांगत्वाच्या दाखल्यासाठी त्याला अशा परीक्षेला बसावं लागतं. दाखला मिळाला तर हक्काची मदत मिळते. तेव्हा लाजू नका, पोराला घेऊन जा. फक्त नंबर हातात आला की विचारा, ह्यावर पोराला काय मिळणार? शिकवणी, औषध, सवलत मिळणार असेल तर कागद जपून ठेवा. आणि त्या कागदावर पोराची शाळा, बाक, हक्क काढून घेणार असतील, तर तिथून उठू नका. परीक्षा कुठल्या भाषेत घेतली, पोर जेवून आलं होतं का, शाळेत किती दिवस गेलं, सगळं लिहून मागा. तोंडी उत्तरावर ऐकू नका.