रोहिणखेडचा घाट आणि वेगाची मर्यादा

वऱ्हाडाचे जुने दोन भाग : वरचा बालाघाट आणि खालचा पाईनघाट. बुलढाणा जिल्ह्यात हे दोन्ही जिथे सांधले जातात, त्या सांध्यावर, डोंगराच्या अगदी पायथ्याशी रोहिणखेड वसले आहे. आज मोताळा तालुक्यातले एक गाव एवढीच त्याची ओळख उरली आहे. पण बऱ्हाणपुराकडून दक्षिणेत चढणाऱ्या आणि दक्षिणेतून खानदेशात उतरणाऱ्या फौजांना हे नाव चांगलेच ठाऊक होते. २०२३ च्या जुलैत या गावाच्या दोन्ही अंगांना, वर समृद्धी महामार्गावर आणि खाली मलकापुरात, दोन भीषण अपघात झाले. तेव्हापासून रोहिणखेडचा इतिहास आम्हाला वेगळ्या नजरेने वाचावासा वाटू लागला. हा इतिहास लढायांचा आहेच. पण तो घाईचाही आहे.

पहिली लढाई १४३७ ची. खानदेशचा नासिरखान फारुकी वऱ्हाडात शिरला होता. त्याला हुसकावण्यासाठी बहमनी सुलतानाने खलफ हसन बसरी या सरदाराला धाडले. त्याने रोहिणखेडला नासिरखानाचा मोड केला आणि थेट बऱ्हाणपुरापर्यंत पाठलाग करून ते शहर लुटले. इथे वेग जिंकला, हे प्रामाणिकपणे नोंदवले पाहिजे.

दुसऱ्या लढाईची गोष्ट निराळी. गॅझेटियरकार तिचे साल १५९० देतात. अहमदनगरच्या गादीवर बालवयाचा इस्माईल निजामशाह होता आणि कारभार महदवी पंथाचा पुढारी जमालखान याच्या हाती होता. इस्माईलचाच बाप बुऱ्हाण खानदेशच्या राजा अलीखानाची मदत घेऊन गादीवर हक्क सांगत वऱ्हाडात उतरला. जमालखान नुकताच विजापूरकरांशी झालेली लढाई मारून आला होता. जिंकलेल्या माणसाला थांबणे जड जाते. त्याने दौडत वऱ्हाड गाठले. फेरिश्ता सांगतो, की घाटाची वाट शत्रूने आधीच रोखली होती. म्हणून जमालखानाने आडवाटेने फौज नेली. दिवस कडक उन्हाचे, वाटेत पाणी नाही. पुढे पाण्याची जागा असल्याचे कळले, तर तीही बुऱ्हाणच्या माणसांनी आधी गाठलेली. माणसे आणि जनावरे तहानेने व्याकूळ असताना त्याने लढाई दिली. तो ठार झाला आणि इस्माईल पकडला गेला. त्याच्याच पक्षातल्या खुदावंदखान महदवीने १५८२ मध्ये बांधलेली लहानशी देखणी मशीद रोहिणखेडला आहे.

जमालखानाने कोणता नियम मोडला? फलकावर लिहिलेला कोणताही नाही. त्या काळी वेगाची मर्यादा जमिनीत आणि जनावरात असे. घाटाची चढण, पाणवठ्यांमधले अंतर, बैलाच्या खांद्याची ताकद, घोड्याच्या तोंडाला येणारा फेस ही मर्यादेची खूण होती. कापूस वाहणारे बंजाऱ्यांचे तांडे या मर्यादेत राहूनच चालत. मजल आणि मुक्काम हे शब्द आपल्या भाषेत जोडीने येतात ते उगीच नव्हे.

यंत्र आले आणि ही खूण पुसली. १८६७ साली आगगाडी नागपूरला पोहोचली. तिची वाट पाईनघाटातून मलकापुरावरून गेली आणि रोहिणखेडचा घाट मागे पडला. रुळांवर शिस्त होती; सडकेवर ती कायद्याने आणावी लागली. इंग्लंडने १८६५ मध्ये वाफेच्या गाड्यांना गावाबाहेर ताशी चार मैल आणि गावात दोन मैलांची मर्यादा घातली, वर गाडीपुढे लाल निशाण घेतलेला माणूस चालवण्याची सक्ती केली. त्याची पुढे पुष्कळ थट्टा झाली. पण त्याच देशाने १९३० मध्ये मोटारींची वेगमर्यादा काढून टाकली आणि मृत्यूंचे आकडे पाहून १९३५ मध्ये वस्तीतून ताशी तीस मैलांची मर्यादा पुन्हा आणली, याची आठवण थट्टेखोरांना राहत नाही. आपल्याकडे १९१४, १९३९ आणि १९८८ असे मोटार वाहनांचे कायदे होत गेले.

समृद्धी महामार्गाची आखणी ताशी दीडशे किलोमीटर वेग धरून झाली. मोटारींना सपाटीवर १२० आणि घाटात १०० ची मुभा मिळाली. ताशी १२० म्हणजे सेकंदाला तेहतीस मीटर. वेग दुप्पट झाला की धडकेचा जोर चौपट होतो, हे शाळेतले गणित आहे. तरी १ जुलै २०२३ ची घटना या गणितात बसत नाही. नागपूरहून पुण्याकडे निघालेली खासगी बस मध्यरात्रीनंतर सिंदखेडराजाजवळ खांबाला आणि दुभाजकाला धडकून दाराच्या बाजूवर उलटली, पेटली, आणि पंचवीस जण गेले. परिवहन खात्याच्या अहवालाने टायर फुटल्याचा दावा मानला नाही आणि अतिवेगही नाकारला. बस मर्यादेत होती! त्याच महिन्याच्या २९ तारखेला, पुन्हा पहाटेच्या अंधारात, मलकापुरात राष्ट्रीय महामार्गावर दोन खासगी बसगाड्या धडकून सहा जण गेले. त्यांतली एक अमरनाथ यात्रेहून परतत होती.

म्हणून आमचे म्हणणे असे, की वेगमर्यादेचा विचार केवळ फलकावरच्या आकड्याने संपत नाही. आकडा यंत्राला आणि रस्त्याला लागू पडतो. रात्री दोन वाजता जडावणाऱ्या डोळ्यांना नाही. सरळ, एकसुरी सडक माणसाला झोपवते. घाटाने बैलाला जे सांगितले असते, ते ही सडक चालकाला सांगत नाही. मग ते कोणीतरी दुसऱ्याने सांगावे लागते. मोटार वाहतूक कामगारांसाठीच्या १९६१ च्या कायद्याने दिवसाला आठ तास काम आणि सलग पाच तासांनंतर निदान अर्धा तास विश्रांती असे ठरवून दिले होते. मजल-मुक्कामाचाच तो कायदेशीर अवतार म्हणायचा. मात्र वेगाचा आकडा यंत्राने मोजता येतो, दंडाची पावती घरी धाडता येते. चालक किती तास झोपला हे मोजायला मालकाच्या दारात उभे राहावे लागते. तिथे उभे राहण्याची हौस कोणत्याच सरकारने फारशी दाखवलेली नाही.

आणि मुक्कामाला जागाही हवी. ११ डिसेंबर २०२२ रोजी समृद्धीचा नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा पहिला टप्पा खुला झाला, तेव्हा वाटेत पेट्रोलपंप होते. पण जिथे उतरून तोंडावर पाणी मारावे, चहा घ्यावा, घटकाभर पडावे, अशी विश्रांतिस्थळे पुरेशी उभी राहिलेली नव्हती.