शस्त्रांपासून स्वरांपर्यंत : मिरजेच्या तंबोऱ्याची परंपरा

संगीताच्या इतिहासात गायकांची नावे राहतात, घराण्यांची नावे राहतात. परंतु ज्या वाद्याच्या आधारावर गायक आपला पहिला षड्ज लावतो, ते वाद्य घडविणाऱ्या हातांची नोंद क्वचितच कोणी ठेवतो. मैफलीत तंबोरा गायकाच्या पाठीमागे उभा असतो. त्याला ताल नाही, गत नाही, टाळ्याही नाहीत. तरीही तो नसेल तर गाणे उभे राहत नाही. अशा या मूक सेवकाची परंपरा आपल्या दक्षिण महाराष्ट्रात, कृष्णाकाठच्या मिरज नगरीत, सुमारे पावणेदोनशे वर्षे अखंड चालत आली आहे. तिचा परिचय नव्या पिढीला व्हावा, या हेतूने प्रस्तुत लेख लिहिला आहे.

वाद्यविचाराची प्राचीन परंपरा

वाद्यांचा विचार आपल्या पूर्वसूरींनी फार प्राचीन काळापासून केलेला आहे. भरतमुनींच्या 'नाट्यशास्त्रा'त वाद्यांचे तत, अवनद्ध, घन आणि सुषिर असे चार वर्ग सांगितले आहेत. जैन आगमांतील 'स्थानांगसूत्रा'तही सात स्वरांचे विवेचन आढळते आणि वाद्यांचे तत, वितत, घन व झुषिर असे चार प्रकार दिलेले आढळतात. पुढे दिगंबर जैन ग्रंथकार पार्श्वदेव यांनी 'संगीतसमयसार' हा संस्कृत ग्रंथ रचला, तर सुधाकलश या जैन पंडितांचा 'संगीतोपनिषत्सारोद्धार' हा ग्रंथ इ. स. १३५० चा आहे. विरक्तीचा उपदेश करणाऱ्या परंपरेनेही नादाचे शास्त्र दूर लोटले नाही, ही गोष्ट आवर्जून लक्षात घेण्यासारखी आहे.

तंबोरा हा तत म्हणजे तंतुवाद्यांच्या वर्गातला. मात्र आज आपण पाहतो ते त्याचे रूप प्राचीन नव्हे. मुघल काळातील चित्रांतून ते हळूहळू दिसू लागते. त्यावर राग वाजत नाही. चार तारा क्रमाने छेडायच्या, एवढेच त्याचे काम. पहिली तार पंचमाची, मधल्या दोन जोडीच्या षड्जाच्या आणि शेवटची पितळी तार खर्जाची. मालकंसासारख्या पंचम वर्ज्य असलेल्या रागात पहिली तार मध्यमात लावतात, तर मारव्यासारख्या रागात ती निषादात लावण्याची पद्धत आहे. पुरुषांच्या आवाजासाठी मोठा 'मर्दानी' तंबोरा आणि स्त्रियांच्या आवाजासाठी आकाराने लहान 'जनानी' तंबोरा, असे त्याचे दोन मुख्य प्रकार आहेत.

शिकलगारांच्या हाती सतार आली

मिरज ही पटवर्धन घराण्याच्या संस्थानाची राजधानी. पेशवाईच्या काळात हे लष्करी महत्त्वाचे ठाणे होते. साहजिकच तलवारी, भाले व इतर हत्यारांना धार लावणारे, ती दुरुस्त करणारे शिकलगार कारागीर येथे वस्ती करून होते. इ. स. १८१८ मध्ये पेशवाई संपली, इंग्रजांचा अंमल बसला आणि फौजांबरोबर शस्त्रांचीही मागणी ओसरली. पिढीजात कौशल्य हातात आहे, पण काम नाही, असा बिकट प्रसंग या कुटुंबांवर ओढवला.

मिरजेचे अधिपती संगीताचे रसिक व आश्रयदाते होते. त्यांच्या दरबारी येणाऱ्या कलावंतांची वाद्ये नादुरुस्त होत आणि ती दुरुस्त करणारा कारागीर जवळपास मिळत नसे. हे काम फरीदसाहेब या शिकलगार कारागिराने अंगावर घेतले, असे परंपरेने सांगितले जाते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याचा हा काळ होय. दुरुस्ती करता करता वाद्याची अंतर्गत रचना उमगली आणि त्यातून नवे वाद्य घडविण्याचे धाडस निर्माण झाले. फरीदसाहेब आणि मोईनुद्दीन ही या परंपरेतील आद्य नावे मानली जातात. पुढे व्यवसायावरूनच या घराण्यांना 'सतारमेकर' हे आडनाव मिळाले, आणि मिरजेतील एका गल्लीलाही तेच नाव पडले.

जे हात शस्त्राची धार पाजळत होते, त्याच हातांनी स्वराची धार पाजळावी, यापेक्षा सुंदर परिवर्तन कोणते? अहिंसेला परम धर्म मानणाऱ्या आपल्या समाजाला तर ही घटना विशेष जवळची वाटावी. येथे कोणी उपदेश केला नव्हता. परिस्थितीने मार्ग दाखविला आणि कौशल्याने तो स्वीकारला.

भोपळ्यापासून नादापर्यंत

तंबोऱ्याचा जन्म कार्यशाळेत होत नाही, तो शेतात होतो. त्याला लागणारे मोठे कडू भोपळे सोलापूर जिल्ह्यात, पंढरपूर-मंगळवेढे परिसरात पिकतात. हा भोपळा खाण्याच्या उपयोगाचा नाही. तो वेलीवरच पूर्ण जून व्हावा लागतो आणि नंतर कडक उन्हात वाळावा लागतो. त्याचा आकार, घेर आणि सालीची जाडी यांवर पुढच्या वाद्याचा नाद अवलंबून असतो. अवकाळी पाऊस झाला, भीमेला पूर आला किंवा शेतकऱ्याला दुसरे पीक अधिक परवडू लागले, तर त्याचा फटका थेट मिरजेच्या कारागिराला बसतो.

वाळलेला भोपळा कापून, आतील बी व गर काढून, पाण्यात भिजवून त्याला हवा तसा आकार दिला जातो. त्यावर लाकडी गळा व पोकळ दांडी जोडतात. यासाठी तून जातीचे लाकूड पसंत केले जाते, कारण ते वजनाला हलके आणि नादाला चांगले असते. भोपळ्याच्या तोंडावर लाकडाची पातळ तबली बसते. नंतर कोरीव नक्षी, पॉलिश, खुंट्या, घोडी, तारा आणि मणके, असा हा प्रवास होतो.

इतके सारे झाले तरी वाद्य अद्याप मुकेच असते. त्याला वाचा येते ती जवारीने. घोडीचा पृष्ठभाग सपाट नसून किंचित उतरता असतो. कानशीने तो इतक्या सूक्ष्म प्रमाणात घासावा लागतो, की तार कंप पावताना त्या उतारावर अलगद टेकत राहावी. मग तार आणि घोडी यांच्यामध्ये सुताचा बारीक धागा सरकवून नेमकी जागा शोधतात. धागा केसभर हलला तरी नाद बंद होतो किंवा फाटतो. हे काम मोजपट्टीने होत नाही. ते कानाने होते. म्हणूनच जवारी काढणारा कारागीर स्वतः गात नसला, तरी त्याचा कान गवयाचाच असावा लागतो.

या जवारीचे शास्त्रीय महत्त्व सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनी ओळखले. भारतीय तंतुवाद्यांवरील त्यांचा निबंध १९२१ साली प्रसिद्ध झाला. सामान्य तार विशिष्ट बिंदूवर छेडली, तर त्या बिंदूशी निगडित असलेला उपस्वर ऐकू येऊ नये, असा पाश्चात्त्य शास्त्रज्ञांचा नियम होता. तंबोऱ्याच्या बाबतीत मात्र तो उपस्वरही स्पष्ट ऐकू येतो, हे रामन यांनी दाखवून दिले आणि याचे कारण घोडीच्या रचनेत असल्याचे सांगितले. उत्तम जुळलेल्या तंबोऱ्यातून, कोणीही न छेडलेला गांधार आपोआप उमटतो, हा गवयांचा अनुभव आहे. ज्यांनी भौतिकशास्त्राचे पुस्तक उघडलेही नव्हते, त्या कारागिरांनी केवळ हात व कान यांच्या बळावर हे साध्य केले होते.

गायक आणि कारागीर यांचे नाते

मिरजेचा तंबोरा नावारूपाला आला, तो येथे वास्तव्य केलेल्या थोर गायकांमुळे. ग्वाल्हेरची गायकी महाराष्ट्रात रुजविणारे पं. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर (१८४९-१९२६) काही काळ मिरजेत होते. कुरुंदवाडला १८७२ साली जन्मलेले पं. विष्णु दिगंबर पलुसकर त्यांच्याकडे मिरजेतच शिकले. याच विष्णु दिगंबरांनी ५ मे १९०१ रोजी लाहोर येथे गांधर्व महाविद्यालयाची स्थापना केली आणि संगीत राजदरबारातून सामान्य गृहस्थांच्या घरी आणले. गाणे घरोघरी गेले, तसा तंबोराही घरोघरी गेला.

दुसरे नाव किराणा घराण्याचे अध्वर्यू उस्ताद अब्दुल करीम खाँ यांचे. त्यांचाही जन्म १८७२ चा. उत्तरेतून आलेल्या या कलावंताने मिरज आपलेसे केले. सुरेलपणा हाच त्यांच्या गायकीचा प्राण होता. त्यामुळे तंबोरा जुळविण्याबाबत ते अत्यंत काटेकोर असत. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी बावीस श्रुतींवर संशोधन करून १९१० साली ग्रंथ प्रसिद्ध केला. त्या संशोधनाला खाँसाहेबांच्या सुरेल गळ्याचे साहाय्य लाभले होते. असा चोखंदळ गायक ज्या गावात राहतो, तेथील कारागिराला सामान्य काम करून भागत नाही. गायकाने कारागिराचा कान घडविला आणि कारागिराने गायकाचा स्वर सांभाळला, असे म्हटले तर वावगे ठरणार नाही.

२७ ऑक्टोबर १९३७ रोजी मद्रासहून पाँडिचेरीकडे जात असताना, सिंगपेरुमाळकोईल या लहानशा रेल्वेस्थानकावर खाँसाहेबांचे निधन झाले. अखेरच्या क्षणीही तंबोरा जुळवून ते ईश्वराचे नाव स्वरांत घेत होते, असे सांगितले जाते. त्यांची समाधी मिरजेत, मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात आहे. तेथे उरुसाच्या निमित्ताने आणि अंबाबाईच्या मंदिरात नवरात्रात होणाऱ्या संगीतसभांतून नामवंत कलावंत हजेरी लावतात. मंदिर असो वा दर्गा, मागे उभा असतो तो तंबोरा एकच.

आजची स्थिती

या परंपरेपुढे आज अनेक अडचणी उभ्या आहेत. बंगळूरुचे जी. राजनारायण यांनी १९७९ साली इलेक्ट्रॉनिक तंबोरा तयार केला. आता तर मोबाईलमध्येही तंबोरा वाजतो. रियाझाला व प्रवासात ही साधने सोयीची आहेत, त्यांना दोष देण्याचे कारण नाही. परंतु ती ठराविक नाद पुन्हा पुन्हा ऐकवितात. तंबोरा स्वतः जुळविताना कानाला जे वळण लागते, ते कळ दाबून लागत नाही. दुसरी अडचण मनुष्यबळाची. जवारी हाती येण्यास अनेक वर्षे लागतात आणि तोवर मिळणारे उत्पन्न बेताचे. अशा वेळी कारागिराच्या शिकलेल्या मुलाने वेगळी वाट धरली, तर त्याला बोल लावता येणार नाही.

साहित्याचा प्रश्नही महत्त्वाचा आहे. पूर्वी घोडीसाठी हस्तिदंत व सांबरशिंग वापरले जाई. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने व त्यातील पुढील दुरुस्त्यांनी त्यांच्या व्यापाराला बंदी आली. आज उंटाच्या हाडाच्या, लाकडाच्या तसेच कृत्रिम साहित्याच्या घोड्या वापरात आहेत. आपल्या मंदिरात वा घरी भक्तिगीतांसाठी तंबोरा घेताना घोडी कशाची आहे, हे विचारून लाकडी घोडीचा आग्रह धरणे आपल्याला सहज शक्य आहे.

समाधानाची गोष्ट अशी, की २०२४ साली मिरजेची सतार आणि मिरजेचा तानपुरा या दोन्ही वाद्यांना भौगोलिक मानांकन प्राप्त झाले. मिरजेच्या नावाखाली अन्यत्र बनलेली वाद्ये विकण्यास त्यामुळे आळा बसू शकेल. परंतु मानांकनाने नाव राखले जाते. कला राखली जाते ती वापराने. भोपळा पिकविणारा शेतकरी, लाकूड कोरणारा सुतार, जवारी काढणारा कारागीर आणि स्वर लावणारा गायक, अशी ही चार कड्यांची साखळी आहे. यांतील एक कडी निखळली, तर उरलेल्या तिघांचे कौशल्य निरर्थक ठरेल.

या साखळीला पाचवी कडी आहे ती ऐकणाऱ्याची, आणि ती आपल्या हाती आहे. ज्या संस्थांकडे जुने तंबोरे कपाटांवर धूळ खात पडले आहेत, त्यांनी ते मिरजेस पाठवून दुरुस्त करून घ्यावेत. पाठशाळेतील मुलामुलींना स्तवन शिकविताना प्रथम तंबोऱ्याच्या षड्जात स्वर मिळविण्यास शिकवावे. शाळेच्या सहलीत एक तास सतारमेकर गल्लीसाठी राखून ठेवावा. खर्च फारसा नाही; पण एखाद्या बालकाने खर्जाच्या तारेतून स्वतः उमटणारा गांधार एकदा जरी कानाने टिपला, तरी या कारागिरांचे श्रम पुढच्या पिढीपर्यंत पोहोचले, असे समजावे.