बॉयकॉट : एका आडनावाचे क्रियापद

‘बॉयकॉट’ हा इंग्रजी शब्द इतका रुळला आहे की, ते मुळात एका माणसाचे आडनाव होते हे सहसा ध्यानी येत नाही. कॅप्टन चार्ल्स बॉयकॉट हा आयर्लंडमधील मेयो परगण्यात लॉर्ड अर्न या जमीनदाराचा कारभारी होता. १८८० साली खंडात सूट मागणाऱ्या कुळांना जमिनीवरून काढण्याच्या नोटिसा त्याने बजावल्या. कुळांनी हात उगारला नाही. गडी काम सोडून गेले. दुकानदार माल देईनात. अखेर बाहेरून आणलेल्या सुमारे पन्नास मजुरांनी लष्कराच्या पहाऱ्यात त्याचे पीक काढले. पिकाच्या किमतीहून पहाऱ्याचाच खर्च कितीतरी पट झाला! वर्ष सरण्यापूर्वीच त्याचे नाव वृत्तपत्रांतून क्रियापद होऊन गेले.

१९०५ साली वंगभंगाच्या चळवळीत हे शस्त्र आपल्याकडे उपसले गेले, तेव्हा मराठीत त्यास ‘बहिष्कार’ म्हटले गेले. हे भाषांतर सोयीचे खरे, पण निर्दोष नव्हे. इंग्रजी शब्द दुबळ्यांनी बलवंताविरुद्ध घडविलेला. आपला शब्द जातपंचायतींच्या हातचा, बहुधा दुबळ्यांवरच चाललेला. १९२७ साली डॉ. आंबेडकरांनी आपल्या पाक्षिकास ‘बहिष्कृत भारत’ हे नाव दिले, ते या जुन्या अर्थानेच. त्या अर्थाच्या बहिष्काराविरुद्धचा कायदा महाराष्ट्राच्या विधिमंडळाने संमत केला तो २०१६ साली.