मीरा-भाईंदर : किनारी ग्रामसमाज व ऋतुपालट

ठाणे जिल्ह्यात उत्तरेस वसईची खाडी व पश्चिमेस अरबी समुद्र लाभलेल्या या भूभागास १९८५ साली नगरपालिका व २००२ साली महानगरपालिका प्राप्त झाली, आणि २०११ च्या जनगणनेत त्याची लोकसंख्या आठ लक्षांवर गेली. तथापि उत्तन, पाली व चौक ही कोळ्यांची, तसेच राई, मुर्धे व मोर्वे ही आगऱ्यांची जुनी गावे या नगरविस्तारातही आपला ग्रामधर्म राखून आहेत. हवामानातील स्थित्यंतरांचा पहिला आघात याच गावांनी सोसला आहे.

*उपजीविका :* समुद्रतळात रोवलेल्या कवींना (खुंटांना) डोल जाळे बांधून, भरती-ओहोटीच्या ओघानेच बोंबील, जवळा, करंदी व मांदेली त्यात उतरवावयाची, ही येथील मासेमारीची परंपरागत रीत होय. उधाणाला ओघ प्रबळ व भांगाला मंद, म्हणून तिथी हेच कोळ्याचे पंचांग. उतरलेला बोंबील स्त्रिया बांबूंच्या वलांडीवर सुकत घालतात. मिठागरांत उधाणाचे पाणी घेऊन ते उन्हात आटविले जाते, आणि खारजमिनीवर बांध-उघाडींच्या आश्रयाने पावसाळी भात पिकतो. सुकी मासळी व मीठ ही दोन्ही उत्पन्ने पावसाळ्यानंतरच्या कोरड्या, स्थिर महिन्यांवर अवलंबून असल्याने, ऊन हेच या समाजाचे खरे भांडवल ठरते.

*ऋतूंतील बदल :* हे भांडवल आता बेभरवशाचे झाले आहे. अरबी समुद्र तापत असून तेथील चक्रीवादळे वाढत असल्याचे पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेच्या अभ्यासांतून दिसते. नोव्हेंबर २००९ मधील ‘फयान’, डिसेंबर २०१७ मधील ‘ओखी’, २०१९ च्या अखेरीस पाठोपाठ आलेली ‘क्यार’ व ‘महा’, जून २०२० मधील ‘निसर्ग’ आणि मे २०२१ मधील ‘तौक्ते’ ही वादळे कोकण किनाऱ्याच्या स्मरणात आहेत. वादळ किनाऱ्यावर आदळले नाही तरी त्याच्या इशाऱ्याने होड्या बंदरात अडकतात, आणि अवकाळी सर वलांडीवरील बोंबील नासवते व कुंड्यांतील मीठ पुन्हा पाण्यात विरघळवते. जून-जुलैच्या एकसष्ट दिवसांच्या सक्तीच्या मासेमारीबंदीनंतर लाभणारा हंगाम अशा रीतीने आतूनच आखूड होत जातो. भराव, सांडपाणी व जाळ्यांत येणारे प्लास्टिक ही मनुष्यकृत संकटे त्यात भर घालतात.

*समाजाचा प्रतिसाद :* कोळ्यांनी बिनतारी संदेश व भ्रमणध्वनीवरील हवामानसूचना आत्मसात केल्या. बर्फाच्या आधाराने ओली मासळी विकण्याकडे कल वाढला. वलांडीजवळ ताडपत्री ठेवणे हा नित्याचा शिरस्ता झाला. डिझेल, बर्फ व विक्रीचा व्यवहार मच्छीमार सहकारी संस्थांमुळे काही अंशी सावरला जातो. आगरी कुटुंबांनी मात्र बहुतांशी मिठाचा व्यवसाय सोडून नोकरी व बांधकामाचा मार्ग धरिला, आणि त्याबरोबर वारा, खारटपणा व भरती ओळखण्याची पिढ्यान्‌पिढ्यांची विद्याही क्षीण झाली.

*शासनव्यवहार :* किनारा नियमन क्षेत्राची १९९१ ची अधिसूचना व तिवरांच्या रक्षणार्थ मुंबई उच्च न्यायालयाने २००५ व २०१८ साली दिलेले आदेश यांनी खाडीकाठास काही संरक्षण दिले. तिवरे लाटांचा जोर मोडतात व मत्स्यबीजास आश्रय देतात. परंतु आपत्तीनंतरच्या पंचनाम्यात फुटलेली होडी सहज नोंदली जाते, तर सुकण्यापूर्वी नासलेली मासळी, अडकलेले दिवस व बाजारात जाऊ न शकलेल्या स्त्रीची बुडालेली मिळकत यांचा दाखला दप्तरात क्वचितच उमटतो. ऋतूवर चालणाऱ्या उद्योगाची हानी वस्तूंच्या मोडतोडीने नव्हे, तर गमावलेल्या हंगामाने मोजली पाहिजे. नुकसानभरपाईचे निकष या तत्त्वावर उभे राहिले, वलांड्यांच्या व मिठागरांच्या जागा भरावापासून राखल्या गेल्या आणि निर्णयांत गावकऱ्यांचे, विशेषतः मासळी सुकविणाऱ्या व विकणाऱ्या स्त्रियांचे ज्ञान प्रमाण मानले गेले, तरच या गावांना पालटत्या ऋतूंशी सन्मानाने जुळवून घेता येईल.