ऋणाची पंगत आणि धर्मशाळेचे छप्पर

सरदार विठ्ठल शिवदेव विंचूरकर यांच्या पराक्रमाने आमच्या विंचूर गावाचे नाव मराठ्यांच्या इतिहासात गेले. तो इतिहास आम्ही वर्षानुवर्षे वर्गात शिकविला. ज्ञातिबांधवांपुढे आज मांडावयाचा इतिहास मात्र जहागीरदाराचा नसून, चिंध्या पांघरून फिरणाऱ्या एका माणसाचा आहे.

डेबूजी झिंगराजी जानोरकर, म्हणजेच श्रीसंत गाडगे महाराज, यांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे परीट कुटुंबात झाला. वडील व्यसनापायी अकाली गेले. मूर्तिजापूरनजीक दापुरे येथे आजोळी मूल वाढले. तेथेही सावकाराच्या कर्जाने शेती गिळलेली त्याने पाहिली. पुढे स्वतःच्या मुलीच्या बारशास ज्ञातीच्या रूढीप्रमाणे दारू व मांसाची पंगत घालावयाची वेळ आली, तेव्हा डेबूजींनी साधे गोडाचे जेवण वाढले. भाऊबंद रुसले, पण डेबूजी बधले नाहीत. त्यांनी १९०५ साली घर सोडले, तेथून चरित्रकार त्यांच्या कार्याचा आरंभ धरतात. आमच्या मते तो आरंभ या पंगतीत आहे. (आपल्याकडेही कांद्याच्या येणाऱ्या पिकाच्या भरवशावर उसनवारी करून लग्नाची जेवणावळ उठविणारी घरे आहेत, हे लिहिताना संकोच वाटतो.)

त्यांची राहणी सर्वश्रुत आहे. हातात खराटा, अंगावर ठिगळांचे वस्त्र, आणि मागून आणलेली भाकरी खावयास मातीचे गाडगे. दिवसा गाव झाडावे, रात्री कीर्तन करावे, आणि पाया पडावयास कोणी आल्यास त्यास काठी दाखवावी! कीर्तनात ते पुनःपुन्हा सांगत, की प्रसंगी ताटे विका, भाकरी हातावर घेऊन खा, परंतु ऋण काढून सण करू नका आणि मुलांना शाळेत घाला.

मात्र या काटकसरीस निव्वळ वैराग्य समजणे चुकीचे होईल. लोकांनी श्रद्धेने दिलेला पैसा त्यांनी स्वतःच्या सुखासाठी वापरला नाही. तो दगडविटांत गेला. आपण विंचूरहून गोदास्नानास जातो त्या नाशकात, तसेच पंढरपूर, आळंदी व देहू येथे त्यांच्या धर्मशाळा उभ्या राहिल्या. पैसे असणारा यात्रेकरू कोठेही उतरतो. नसणाऱ्याने रात्र कोठे काढावी, हा त्यांचा प्रश्न होता. त्यातही ज्यांना इतर धर्मशाळांचे दार बंद होते, त्यांच्यासाठी पंढरपुरास चोखामेळ्याच्या नावाची धर्मशाळा बांधली, आणि १९४९ साली ती वास्तू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या संस्थेच्या स्वाधीन केली. देणारा परीट, नाव चोखोबांचे, पैसा सर्व जातींच्या श्रोत्यांचा. आपल्या संघाच्या वसतिगृहात परज्ञातीच्या गरीब मुलास खोली द्यावी की न द्यावी, यावर सभेत दोन तट पडतात, तेव्हा आम्हांस ही वास्तू आठवते. निधी आपल्या ज्ञातीने जमविला, म्हणून त्यावर आपलाच हक्क, हे म्हणणे हिशेबाने खोटे नाही. बाबांचा हिशेब निराळा होता, एवढेच.

तो हिशेब त्यांनी घरच्यांनाही लावला. एवढ्या इमारती उभ्या करणाऱ्याची पत्नी कुंताबाई झोपडीतच राहिली. पुत्र गोविंदाच्या मृत्यूची वार्ता कीर्तन चालू असता आली, तरी त्यांनी कीर्तन थांबविले नाही. यातील कठोरता आम्हांस पूर्णपणे पचत नाही. कुंताबाईंच्या वाट्यास आलेल्या दारिद्र्याची निवड त्यांनी स्वतः केली नव्हती, हेही इतिहासाने नोंदविले पाहिजे.

साताऱ्याकडे कर्मवीर भाऊराव पाटलांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी वसतिगृहातील मुलांच्या पोटासाठी अंगावरचे दागिने विकले, तीही मुले नाना जातींची होती. या दोन घरांचा स्नेह असा, की भाऊरावांनी १९५४ साली कराडास काढलेल्या महाविद्यालयास सद्गुरु गाडगे महाराजांचे नाव दिले.

डॉ. आंबेडकरांच्या महानिर्वाणानंतर चौदा दिवसांनी, २० डिसेंबर १९५६ रोजी, अमरावतीनजीक वलगाव येथे प्रवासातच बाबांनी देह ठेवला. मुंबईस दादर येथील त्यांच्या नावाच्या धर्मशाळेत कर्करोगाच्या उपचारासाठी परगावाहून आलेले रुग्ण व त्यांचे आप्त उतरतात.