लॅटिनच्या धड्यातील नांगऱ्या

प्राचीन इंग्रजी वाङ्मयाशी आपला परिचय बहुधा 'बेओवुल्फ'पासून सुरू होतो. राजे, योद्धे, राक्षस आणि मेजवान्यांची सभागृहे यांनी ते जग भरलेले आहे. परंतु नॉर्मनांनी १०६६ मध्ये इंग्लंड जिंकण्यापूर्वी ज्या अँग्लो-सॅक्सनांनी तेथे शेते नांगरली, जोडे शिवले आणि पाव भाजले, त्यांना या वीरकाव्यात बोलण्यास जागा नाही. त्यांचे बोलणे आपल्यापर्यंत पोहोचले आहे ते एका अनपेक्षित मार्गाने, मठातील मुलांना लॅटिन शिकवण्यासाठी रचलेल्या एका लहानशा संवादातून. एल्फ्रिकचा 'कलोक्वी', म्हणजे 'संवाद', या नावाने तो ओळखला जातो.

एल्फ्रिकचा जन्म ९५५ च्या सुमाराचा. विंचेस्टरच्या मठात त्याचे शिक्षण झाले, ९८७ च्या सुमारास तो सर्न येथील मठात आला आणि १००५ मध्ये एन्शमच्या मठाचा अधिपती झाला. लॅटिनचे व्याकरण त्याने इंग्रजीत लिहिले. मध्ययुगीन युरोपात लॅटिनचे व्याकरण लोकभाषेत समजावून देणारा हा पहिलाच ग्रंथ. त्यास जोडून त्याने शब्दसंग्रहही तयार केला. व्याकरणाचे नियम आणि शब्दांच्या याद्या एवढ्याने भाषा येत नाही, हे या शिक्षकाने ओळखले होते. म्हणून त्याने मुलांना भूमिका वाटून दिल्या. एकाने नांगऱ्या व्हावे, दुसऱ्याने मेंढपाळ, तिसऱ्याने कोळी. गुरूने प्रत्येकास त्याचे काम विचारावे आणि त्याने लॅटिनमध्ये उत्तर द्यावे, अशी ही रचना आहे.

पाठाचा शैक्षणिक हेतू त्याच्या तपशिलांतून सहज दिसतो. कोळी नदीतल्या आणि समुद्रातल्या माशांची नावे सांगतो. देवमाशाच्या शिकारीस मात्र तो धजत नाही. व्यापारी समुद्रापलीकडून रेशीम, रत्ने, मद्य, तेल, हस्तिदंत आणि काच आणतो, आणि खरेदीपेक्षा चढ्या दराने विकल्याशिवाय बायकोमुलाचे पोट कसे भरावे, असे विचारतो. चर्मकार जोड्यांबरोबर पखाली, लगाम आणि बटवेही करतो. मेंढपाळ लांडग्यांच्या भयाने कुत्री घेऊन कळपापाशी उभा राहतो, दिवसातून दोनदा मेंढ्यांचे दूध काढतो, लोणी आणि चीज करतो. एका भूमिकेबरोबर त्या व्यवसायाचा सारा शब्दसंग्रह मुलाच्या तोंडी बसावा, अशी ही युक्ती आहे.

या सर्वांत नांगऱ्याचे उत्तर वेगळे आहे. तो पहाटे बैल घेऊन निघतो. हिवाळा कितीही कडक असला तरी धन्याच्या धाकाने त्याला घरी थांबता येत नाही. दिवसाला निदान एक एकर नांगरलाच पाहिजे. सोबत पराणी घेऊन बैल हाकणारा एक मुलगा आहे; थंडीने आणि ओरडण्याने त्याचा घसा बसला आहे. नांगरणी झाली की गव्हाणीत गवत भरायचे, बैलांना पाणी दाखवायचे, शेण बाहेर काढायचे. एवढे कष्ट का, याचे कारणही तो देतो: तो स्वतंत्र नाही.

हा उद्गार अनेक इतिहासग्रंथांत अँग्लो-सॅक्सन गुलामाचा आवाज म्हणून येतो. १०८६ च्या 'डूम्सडे' नोंदींत गुलामांचे प्रमाण नोंदलेल्या लोकांच्या सुमारे एक दशांश होते, हे पाहता त्याचे महत्त्व उघड आहे. तथापि साहित्याच्या अभ्यासकाने येथे क्षणभर थांबावे, असे आम्हांस वाटते. हा 'मी' नांगऱ्याचा नाही. तो एका विद्वान मठवासीयाने लिहिला आणि मठात शिकणाऱ्या मुलाने उच्चारला. आवाज उसना आहे. मग तो खोटा म्हणावा काय? आमच्या मते नाही. शब्द शिकवण्यासाठी नांगर, बैल आणि फाळ पुरेसे होते. घसा बसलेल्या मुलाची तेथे गरज नव्हती. पाठ म्हणणाऱ्या विद्यार्थ्याला त्यात आपल्याच वयाचा, परंतु शाळेबाहेरचा एक मुलगा दिसला असेल. त्या विद्यार्थ्यालाही पहाटे कधी घंटेने, तर कधी गुरूच्या छडीने जाग येत असे, हे त्याच संवादात आले आहे.

तरीही करुणेची मर्यादा लगेच कळते. पुढे व्यवसायांत श्रेष्ठ कोणता, असा वाद उभा राहतो. ईश्वरसेवेनंतर लौकिक कामांत नांगरणी पहिली, कारण ती सर्वांना जगवते, असा निर्णय मिळतो. लोहार विचारतो, माझ्यावाचून फाळ कोठून आणाल? त्यावर सल्लागार भात्याची आणि हातोड्यांची थट्टा करतो. अखेर ज्याने त्याने आपापले काम नीट करावे, असा उपदेश होतो. नांगऱ्याला मान मिळतो. मुक्ती मिळत नाही.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. या सबंध कामकऱ्यांच्या मेळाव्यात एकही स्त्री नाही. सफोकमधील वेस्ट स्टो येथे १९६५ ते १९७२ या काळात झालेल्या उत्खननात सुरुवातीच्या शतकांतले अँग्लो-सॅक्सन गाव सापडले. तेथील मागाची मातीची वजने आणि चात्या सूतकताईची व विणकामाची साक्ष देतात. राजा आल्फ्रेडच्या मृत्युपत्रात तर वंशाच्या दोन बाजू 'भाल्याची' आणि 'चातीची' अशा सांगितल्या आहेत. ज्या कामावरून मातृपक्षाला नाव मिळाले, ते काम पाठात येत नाही. मठाच्या शाळेला ते दिसले नाही, एवढाच याचा अर्थ.

भाषेची हकीकतही अशीच बोधक आहे. संवाद लॅटिनमध्ये असला तरी अकराव्या शतकातील एका हस्तलिखितात प्रत्येक लॅटिन शब्दावर बारीक अक्षरांत जुना इंग्रजी प्रतिशब्द दिलेला आहे. अभ्यासक हे काम एल्फ्रिकचे मानत नाहीत. त्या ओळींच्या फटीत कामकऱ्यांचे खरे शब्द टिकले. चर्मकारासाठी आलेल्या शब्दाचा उत्तरार्ध 'राइट', म्हणजे घडवणारा, आज नाटककाराच्या 'प्लेराइट' या इंग्रजी नावात आहे. 'क्राफ्ट' या शब्दात तेव्हा बळ, कौशल्य आणि व्यवसाय हे सारे सामावले होते. आजच्या 'लॉर्ड'चे जुने रूप 'ह्लाफोर्ड', म्हणजे पाव राखणारा. संवादातील आचारी म्हणतो, मला घालवलेत तर तुम्ही सारेच स्वयंपाकी व्हाल, मग धनी कोण उरणार? धन्याच्या नावातच पाव असल्यामुळे हे उत्तर अधिक बोचते.

नांगऱ्याच्या तोंडचा 'एकर' तर आपल्याही परिचयाचा. मूळ अर्थ नुसता शेत. संस्कृतातील 'अज्र' त्याचाच भाऊबंद. बैलांच्या मानेवरचे 'योक', संस्कृत 'युग' आणि मराठी 'जू' हीदेखील एकाच मुळाची. इंग्रजी अमलातल्या जमीनमोजणीबरोबर 'एकर' मराठीत आला आणि चाळीस गुंठ्यांचा हिशेब रूढ झाला. त्या शब्दामागे कधीकाळी एका माणसाची सक्तीची दिवसभराची मेहनत होती, हे सातबारा वाचताना कोणाच्या मनात येत नाही.

पुढे जुनी इंग्रजी शिकणारे विद्यार्थी ओळींमधील त्या प्रतिशब्दांवरून आपला पहिला धडा गिरवू लागले. लॅटिनच्या आधारासाठी लिहिलेली भाषाच अभ्यासविषय झाली. नांगऱ्यास स्वतःची लेखणी कधीच मिळाली नाही. त्याचे बोलणे दुसऱ्याच्या धड्यातून ऐकताना धडा कोणाचा होता, याचे भान वाचकाने ठेवावे, आणि ओळींच्या मधली बारीक अक्षरेही वाचावीत.