रैवताची वीस मिनिटे आणि मुचुकुंदाची झोप

दूरच्या ताऱ्याकडे माणूस पाठवायचा म्हटले, की विज्ञानकथाकाराला आधी आयुष्याचा हिशेब करावा लागतो. सूर्यानंतरचा सर्वांत जवळचा तारा, प्रॉक्झिमा सेंटॉरी, ४.२४ प्रकाशवर्षे दूर आहे. व्हॉयेजर-१ हे यान सेकंदाला सुमारे १७ किलोमीटर वेगाने जाते. त्या वेगाने तेथवर पोचायला पाऊण लाख वर्षे लागतील. यावर कथाकारांनी दोन तोडगे काढले. एक, यान इतके वेगाने न्यायचे की प्रवाशाचा काळच मंदावेल. दोन, वेग बेताचाच ठेवून प्रवाशाला दीर्घ सुप्तावस्थेत झोपवायचे.

पहिला तोडगा आइनस्टाइनच्या १९०५च्या सिद्धांतातून आला. १९११ साली पॉल लांजव्हँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने तो प्रवाशाच्या रूपात मांडला: प्रवासी दोन वर्षांनी परततो, तेव्हा पृथ्वीवर दोनशे वर्षे उलटलेली असतात. प्रकाशाच्या ८० टक्के वेगाने प्रॉक्झिमाला जाऊन परत आलो, तर पृथ्वीवर १०.६ वर्षे जातील आणि प्रवाशाची ६.४. मात्र यानाच्या एकेका किलोला हा वेग द्यायचा, तर हिरोशिमावरच्या बॉम्बसारख्या सुमारे हजार बॉम्बची ऊर्जा लागेल.

दुसरा तोडगा अधिक घरगुती आहे. सीएसएमटीहून लोकलमध्ये बसल्या बसल्या झोपून थेट पनवेललाच जागा होणारा माणूस तो रोज वापरतो. त्याचे घड्याळ मंदावत नाही, फक्त त्याला वेळ जाणवत नाही. पण शतकभराच्या झोपेत शरीराचा व्यापारही थांबवावा लागेल. निसर्गात याची झलक दिसते. आमच्या पनवेलभोवतीच्या भातखाचरांतला मोठा बेडूक कोरड्या महिन्यांत स्वतःला जमिनीत पुरून घेतो आणि पहिल्या मोठ्या पावसात पिवळाधमक होऊन बाहेर येतो. अलीकडे जागे झाल्यावर त्याला खाचराच्या जागी इमारतीचा पाया दिसण्याची शक्यता जास्त.

मराठीत या विषयावर बोलताना जयंत नारळीकरांना वगळता येत नाही. मराठी विज्ञान परिषदेच्या १९७४च्या कथास्पर्धेत ‘नारायण विनायक जगताप’ या टोपणनावाने त्यांनी पाठवलेली कथा पहिली आली. तिचे नाव होते ‘कृष्णविवर’. प्रचंड गुरुत्वाकर्षणाजवळही काळ मंदावतो, हे ज्ञान त्या शब्दाबरोबर मराठी घरांत आले.

पण अशा चर्चेत दरवेळी कोणीतरी सांगतोच, की हे सारे आपल्या पुराणांत आधीच आहे. दाखला असतो रैवत ककुद्मी राजाचा. तो तपासायचे ठरवून मी भागवत आणि विष्णुपुराण शेजारी ठेवून वाचले.

कुशस्थलीचा हा राजा कन्या रेवतीसाठी वर विचारायला ब्रह्मलोकी जातो. तेथे गंधर्वांचे गाणे चालू असते, म्हणून थोडा थांबतो. मग ब्रह्मदेव हसून सांगतो, की तू मनात धरलेले वर, त्यांचे पुत्र, नातू, कोणीच उरले नाही. सत्तावीस चतुर्युगे गेली.

हिशेब करून पाहू. एक चतुर्युग ४३,२०,००० वर्षांचे, म्हणजे गेली ११,६६,४०,००० वर्षे. ब्रह्मदेवाचा एक दिवस हजार चतुर्युगांचा. तो दिवस बारा तासांचा मानला, तर सत्तावीस चतुर्युगे होतात साडेएकोणीस मिनिटे. एक गाणे ऐकण्याइतकीच! पुराणकाराचे गणित चोख आहे. पण ते परिमाण बदलण्याचे गणित आहे. राजा किती वेगाने गेला याला त्यात स्थान नाही, आणि ब्रह्मलोकीचा काळ संथ का, याचे कारणही नाही. सापेक्षतेत गुणोत्तर वेगावरून किंवा वस्तुमानावरून काढता येते आणि घड्याळाने तपासता येते. ऑक्टोबर १९७१मध्ये हाफेले आणि कीटिंग यांनी आण्विक घड्याळे प्रवासी विमानांतून जगाभोवती फिरवून ते तपासलेही. म्हणून रैवताच्या कथेला सापेक्षतेचा सिद्धांत म्हणणे मला मान्य नाही.

मात्र त्याच ग्रंथांत दुसरा तोडगाही सापडला, आणि त्याकडे फारसे कोणी बोट दाखवत नाही. मुचुकुंद राजा देवांच्या बाजूने असुरांशी दीर्घकाळ लढतो. युद्ध संपल्यावर देव त्याला सांगतात, की तुझ्या राण्या, मुले, प्रजा आता उरली नाही, वर माग. तो झोप मागतो, आणि त्याला जागे करणारा भस्म होईल अशी तजवीज होते. पुढे कालयवन त्याला लाथ मारतो आणि जळून जातो. ‘२००१: अ स्पेस ओडिसी’ (१९६८) या चित्रपटात यानावर झोपलेल्या तिघा शास्त्रज्ञांना त्यांचा सांभाळ करणारा संगणकच मारतो. निद्रिस्ताचे रक्षण कोणी करायचे, हा प्रश्न पुराणकाराने आधीच ओळखला होता.

भागवतात दोघांचा शेवट एकच आहे. रैवताची नगरी त्याच्या आप्तांनी यक्षांच्या भयाने सोडलेली असते. मुलगी बलरामाला देऊन तो बदरीला तपाला जातो. मुचुकुंद गुहेबाहेर येतो, तर माणसे, पशू, झाडे सारे खुजे झालेले. कलियुग आले हे ओळखून तोही बदरिकाश्रमाची वाट धरतो. घरी कोणीच परत गेले नाही.

फरक आहे तो एका गोष्टीचा. मुचुकुंदाला झोपण्याआधी सांगितले गेले, की मागे कोणी उरलेले नाही. त्याने ते ऐकून झोप निवडली. रैवताला मात्र गाणे ऐकत असताना कोणी काही सांगितले नाही. त्याला उत्तर मिळाले ते वर विचारल्यावर. यान वेगाने न्यायचे की प्रवाशाला झोपवायचे, हे भौतिकशास्त्रज्ञ आणि वैद्य ठरवतील. निघणाऱ्याला आणि त्याच्या घरच्यांना हा हिशेब आधी सांगायचा की नाही, हा प्रश्न मात्र आपल्या पुराणकथांनी खरोखर आपल्यासाठी मागे ठेवला आहे.